विज्ञान आणि दीनियात: मुलं काय शिकली, हे मोजायचं कसं?

सहावीतली एक मुलगी ईदचा चंद्र गच्चीवरून बघून आली होती. "बारीकशी कोर होती, मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) पश्चिमेला, थोडाच वेळ दिसली," असं तिनं वर्गात अगदी बरोबर सांगितलं. मक्तबमध्ये, म्हणजे दीनियात (इस्लामी धर्मशिक्षण) शिकवणाऱ्या संध्याकाळच्या वर्गात, हिजरी (इस्लामी) महिन्यांची बाराही नावं तिला ओळीनं येतात. विज्ञानाच्या चाचणीत चंद्रकलांच्या रिकाम्या जागांना तिला पाचपैकी पाच गुण होते. मी सहज विचारलं, कोर एवढी बारीक का दिसते गं? ती म्हणाली, "टीचर, पृथ्वीची सावली पडते ना त्याच्यावर."

पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती ग्रहणात, आणि तीही पौर्णिमेला. कोर दिसते तेव्हा चंद्राचा उजळलेला भाग बहुतेक आपल्याकडून पलीकडे वळलेला असतो. म्हणजे दोन्ही विषयांत पूर्ण गुण, आणि मूळ कल्पनाच चुकीची. आमच्या दोन्ही परीक्षांनी तिची नावं पाठ असणं मोजलं. तिची समज मोजली नाही, आकाश बघण्याचं तिचं कसब मोजलं नाही आणि चंद्राबद्दलची तिची ओढही मोजली नाही.

मुंबईत उर्दू माध्यमाच्या, इंग्रजी माध्यमाच्या इस्लामी शाळांत किंवा संध्याकाळच्या मक्तबात नव्यानं शिकवायला लागलेल्यांसाठी आणि बी.एड., एम.एड.चा छोटा प्रकल्प हाती घेतलेल्यांसाठी हे लिहिते आहे. ज्ञान, कौशल्य आणि अभिवृत्ती (एखाद्या गोष्टीकडे बघण्याचा मनाचा कल) या तीन गोष्टींना तीन वेगळी मापं लागतात. आणि मुलाचा ईमान (श्रद्धा) कुठल्याही पट्टीवर मोजायला जायचं नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींवर उभ्या आहेत.

पायरी १: आधी परवानगी

प्रश्न काढायला बसण्याआधी हे करा, कारण नंतर सगळं अडतं. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते दिलं जात असेल, तर अल्पवयीन मुलाच्या पालकाच्या संमतीशिवाय त्याला त्यात बसवता येत नाही. म्हणून महापालिकेच्या उर्दू शाळेत विज्ञानाची चाचणी घेता येईल, दीनियातची नाही. तीच मुलं संध्याकाळी मक्तबात येत असतील, तर दीनियातचा भाग तिथे, तिथल्या जबाबदार माणसांच्या आणि पालकांच्या परवानगीनं घ्या. अल्पसंख्याक संस्थेच्या शाळेत दोन्ही एका छताखाली होऊ शकतं, पण संमतीपत्रं तिथेही हवीत.

संमतीपत्र एका पानाचं असावं, घरी वाचता येईल अशा भाषेत. काय विचारणार, कोण बघणार, नाव लिहिणार की नाही, आणि नकार दिला तर मुलाच्या गुणांवर काही परिणाम होणार नाही, एवढं त्यात स्पष्ट असू द्या. माझा अनुभव असा की आयांना पत्रापेक्षा दारात दोन मिनिटं बोललेलं जास्त पटतं.

पायरी २: संविधान तक्ता

बी.एड.ला सगळे संविधान तक्ता, म्हणजे चाचणीचा आराखडा, करतात आणि नोकरी लागली की विसरतात. इथे तो खरंच कामाचा आहे. उभ्या रकान्यात घटक लिहा, आडव्या रकान्यात ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, अभिवृत्ती. मग प्रत्येक चौकटीला एकच प्रश्न विचारा: मूल काय करताना दिसलं म्हणजे मी म्हणेन की याला हे आलं? उदाहरण वुजूचं घ्या, म्हणजे नमाजपूर्वी हात, तोंड, पाय धुण्याचं.

"वुजूचं महत्त्व समजेल" हे उद्दिष्ट मोजता येत नाही. "वुजूचे फर्ज (अनिवार्य कृती) सांगेल" हे ज्ञान झालं, "वुजू क्रमानं करून दाखवेल" हे कौशल्य झालं, "नळ चालू न ठेवता मगभर पाण्यात वुजू करायला तयार असेल" हे अभिवृत्तीच्या जवळ जातं. विज्ञानातही तसंच. "प्रकाशाचे गुणधर्म समजतील" यापेक्षा "काठीच्या सावलीची लांबी दर १५ मिनिटांनी मोजून आलेख काढेल" हे पकडता येतं.

पायरी ३: ज्ञानाची चाचणी

बहुपर्यायी प्रश्नांत खरी मेहनत चुकीच्या पर्यायांवर घ्यायची असते. मुलांच्या डोक्यात खरोखर असलेल्या चुकाच तिथे यायला हव्यात. चंद्राच्या प्रश्नात "पृथ्वीची सावली" हा पर्याय हवाच, "ढगांमुळे" हाही हवा. "चंद्र लहान होतो" हा पर्याय सहावीत कुणीच निवडणार नाही, त्यानं फक्त जागा अडते. असे पर्याय मिळवायचे असतील, तर आधीच्या वर्षी तोच प्रश्न उघडा विचारा आणि उत्तरपत्रिका जपून ठेवा.

दीनियातच्या उत्तरसूचीत एक खाच आहे, आणि मी स्वतः तिच्यात पडले आहे. वुजूच्या फर्जांची संख्या मी ४ ठेवली होती. हनफी मसलकात (मसलक म्हणजे धर्माचरणाची परंपरा) ते बरोबर आहे: चेहरा धुणं, कोपरांसकट हात धुणं, डोक्याचा मसह (ओला हात फिरवणं), घोट्यांसकट पाय धुणं. पण वर्गात कोकणी घरांतली मुलं होती आणि कोकणी मुसलमान शाफई आहेत. शाफई मसलकात नियत (मनातला संकल्प) आणि क्रम धरून फर्ज ६ होतात. तीन मुलांनी घरी शिकवलेलं ६ लिहिलं आणि मी फुली मारली. एका मुलाच्या आजोबांनी शांतपणे समजावलं तेव्हा मला माझी चूक कळली. मुंबईत एकाच बाकावर हनफी, शाफई, बोहरा, अहले हदीस घरांतली मुलं बसतात. एकतर सगळ्यांत समान असलेलं विचारा, नाहीतर प्रश्नातच "तुमच्या मसलकानुसार" असं लिहा आणि सूचीत सगळी उत्तरं ठेवा. सूची आधी जाणकार आलिमांना (धर्मपंडितांना) दाखवा, एकापेक्षा जास्त मसलकांच्या.

चाचणी झाली की प्रत्येक प्रश्नाची तपासणी करा. ४० मुलांचा वर्ग असेल तर एकूण गुणांप्रमाणे उतरता क्रम लावा. वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के, म्हणजे ११-११ पेपर बाजूला काढा. समजा एखादा प्रश्न वरच्या ११पैकी ९ जणांना आणि खालच्या ११पैकी ४ जणांना आला. ९ अधिक ४, भागिले २२, म्हणजे ०.५९ ही त्याची काठिण्यपातळी, किती जणांना तो आला याचं प्रमाण. ९ वजा ४, भागिले ११, म्हणजे ०.४५ हा भेददर्शक निर्देशांक, प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांत किती फरक करतो याचं माप. हा प्रश्न चांगला आहे, ठेवा. भेददर्शक ०.२ च्या खाली गेला तर प्रश्न पुन्हा वाचा. ऋण आला, म्हणजे हुशार मुलांचा चुकला आणि कच्च्यांचा बरोबर आला, तर बहुधा तुमची उत्तरसूचीच चुकली आहे. माझ्या वुजूच्या प्रश्नानं मला हेच सांगितलं असतं. मी तपासलं नव्हतं.

पायरी ४: कौशल्य बघायचं असतं, विचारायचं नसतं

मुंबईतल्या शिक्षकांना डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा माहीत असते. तिथेही लेखी परीक्षेवर भागत नाही, पुढे प्रात्यक्षिक आणि मुलाखतही असते. आपल्या वर्गात मात्र "सावली कशी मोजाल ते लिहा" असा प्रश्न घालून आपण मोकळे होतो.

मला सगळ्यात आवडणारी कृती दोन्ही विषयांना एकत्र आणते. असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची, वेळ सावलीवरून ठरते. शाफई मतानं, ऐन मध्यान्हीची सावली वगळून उरलेली सावली वस्तूइतकी झाली की असर सुरू होते. हनफी मतात ती दुप्पट व्हावी लागते. एक मीटरची काठी, ओळंबा, मोजपट्टी आणि खडू घेऊन मुलांना गच्चीवर न्या. २१ डिसेंबरच्या सुमारास मुंबईत मध्यान्हीला सूर्य साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो, म्हणून १०० सेंटीमीटर काठीची सावली सुमारे ९२ सेंटीमीटर पडते. तेव्हा शाफई असर १९२ सेंटीमीटरला आणि हनफी २९२ ला. हा हिशेब मुलांना आधी सांगू नका. त्यांनी मोजू दे, मग मशिदीतल्या वेळापत्रकाशी ताडून बघू दे.

या कृतीत कौशल्य लख्ख दिसतं. बहुतेक मुलं आधीच ठरवून येतात की सर्वांत आखूड सावली बाराला पडणार. मुंबई भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून बरीच पश्चिमेला आहे, म्हणून २१ डिसेंबरच्या सुमारास इथली मध्यान्ह साडेबारा उलटून गेल्यावर, १२ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास होते. बाराला मोजून जो घाईनं वही मिटतो आणि जी सावली अजून आखूड होते आहे हे पाहून मोजत राहते, त्यांच्यातला फरक कुठल्याही लेखी परीक्षेत कळणार नाही.

पडताळा सूचीत असं काही लिहा: काठी ओळंब्यानं सरळ उभी केली का, सावलीचं टोक नेमकं धरलं का, वेळ आणि लांबी दोन्ही नोंदवली का, एकक लिहिलं का, अपेक्षेपेक्षा वेगळं माप आलं तेव्हा पुन्हा मोजलं की खोडून "बरोबर" केलं. या शेवटच्या ओळीला मी सगळ्यात जास्त वजन देते. पावसाळ्यात हे जमत नाही. शून्य सावलीचे दिवस (मध्यान्हीला सूर्य थेट डोक्यावर येतो ते) इथे मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस येतात, म्हणजे एक सुट्टीत आणि एक ढगांत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ राखून ठेवा.

किबल्याची (नमाजसाठी मक्केकडे तोंड करण्याची) दिशा हीदेखील अशीच कृती. मुंबईहून ती पश्चिमेपासून सुमारे १० अंश उत्तरेकडे झुकलेली आहे. होकायंत्र हातात द्या आणि लोखंडी कपाटापासून लांब जायचं मुलांना आपणहून सुचतं का, ते बघा.

दीनियातची स्वतःची कौशल्यं आहेत: वुजू, नमाजच्या अरकानांचा (कृतींचा) क्रम, आणि तजवीद, म्हणजे कुराणपठणातले शुद्ध उच्चार. तजवीदचं मूल्यमापन कारीसाहेबांनाच (कुराणपठण शिकवणाऱ्यांनाच) करू द्या. से, सीन आणि साद या तीन अक्षरांचे उच्चार वेगळे आहेत: सेचा मखरज (उच्चारस्थान) वेगळा आहे, सीन आणि साद यांचा एकच, पण साद जाड उच्चारतात. आपल्या मराठी-उर्दू कानाला ते तिन्ही "स"च ऐकू येतात. ज्याला फरक ऐकूच येत नाही त्यानं गुण देऊ नयेत.

दोन परीक्षक घ्या, आणि त्यांची जुळणी नुसत्या टक्क्यांत मोजू नका. समजा २० मुलांपैकी १२ जणांना दोघांनीही "जमलं" दिलं, चौघांना दोघांनीही "नाही जमलं", आणि चौघांवर मतभेद झाला, दोन इकडे आणि दोन तिकडे. जुळणी ८० टक्के, छान वाटते. पण दोघांनीही ७० टक्के मुलांना "जमलं" दिलं असल्यानं नुसत्या योगायोगानंही ५८ टक्के जुळली असती. कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला कप्पा (kappa), म्हणजे योगायोग वगळून उरणाऱ्या जुळणीचं माप, काढला, म्हणजे ०.८० वजा ०.५८ भागिले ०.४२, तर हाती ०.५२ येतं. म्हणजे मध्यमच. अशा वेळी दोघांनी एकत्र बसून पाच मुलांचं पठण पुन्हा ऐकावं आणि "जमलं" म्हणजे काय ते नव्यानं ठरवावं.

इथे हिफ्जच्या (कुराण पाठ करण्याच्या) वर्गाकडून विज्ञानाच्या शिक्षकांनी घ्यावं असं काही आहे. हाफिजसाहेब रोज तीन गोष्टी ऐकतात: सबक म्हणजे आजचा नवा पाठ, सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांचे पाठ, आणि मंझिल म्हणजे जुनं पाठांतर. नवं चांगलं आलं म्हणून जुनं माफ होत नाही. आपल्या घटक चाचणीत मागचा घटक कायमचा मागे पडतो. मी आता विज्ञानाच्या प्रत्येक चाचणीत पाचातला एक प्रश्न दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या घटकावर ठेवते. पहिल्यांदा निकाल बघून वाईट वाटतं. पण मुलांकडे खरोखर काय उरलं आहे, ते तिथेच कळतं.

पायरी ५: अभिवृत्ती

हा सगळ्यात नाजूक भाग. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये दिलेली पद्धत आजही चालते. एक विधान आणि पाच पर्याय: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. सकारात्मक विधानाला ५ ते १ गुण. उलट विधानाचे गुण ६ मधून वजा करून घ्यायचे. तिसरी-चौथीच्या मुलांना पाच पर्याय झेपत नाहीत, तीन चेहऱ्यांची चित्रं पुरतात.

सगळं विधानांवर अवलंबून आहे. "विज्ञान आणि दीनियात दोन्ही मला आवडतात" हे विधान कुचकामी, कारण एकच आवडत असेल तर मुलानं काय करायचं? "मी पाचही वक्त नमाज पढतो" हे तर घालूच नका. ती वर्तणुकीची चौकशी आहे, अभिवृत्ती नव्हे, आणि शिक्षकाच्या हातात जाणाऱ्या कागदावर मूल खरं लिहिणार नाही. आपणच त्याला खोटं लिहायला लावल्यासारखं होतं, तेही नमाजबद्दल. इबादत हा बंदा आणि अल्लाह यांच्यातला मामला आहे. ५ पैकी ३.८ असा त्याचा आकडा काढण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग मोजायचं काय? शिकण्याबद्दलची ओढ, भीती, जिज्ञासा, प्रश्न विचारण्याची मोकळीक. "दीनियातच्या तासाला न समजलेलं विचारायला मला संकोच वाटतो." "सबक समजून घ्यायला मला आवडतं." "प्रयोगाचं उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं आलं तर मी प्रयोग पुन्हा करून बघतो." "विज्ञान मोठ्या शाळेतल्या मुलांसाठी आहे, माझ्यासाठी नाही." या शेवटच्या विधानावर गोवंडीतल्या एका वर्गात बऱ्याच मुलींनी "सहमत"वर खूण केली होती. पुढचं वर्षभर काय करायचं, ते मला त्या कागदांनी सांगितलं.

बाहेरची तयार मापिका घेण्याचा मोह होतो. बॅरी फ्रेझर यांची विज्ञानविषयक अभिवृत्तीची ७० विधानांची प्रसिद्ध मापिका आहे, सात उपघटकांची. तिचा आराखडा अभ्यासण्याजोगा आहे. पण ज्या शाळेत दोन पाळ्या आहेत आणि प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट आहे, तिथल्या मुलानं प्रयोगाच्या तासाबद्दल काय मत द्यायचं? विधानं आपल्या मुलांच्या दिवसातून आली पाहिजेत.

भाषेचं तर फारच जपा. "दीनी तालीम" (धार्मिक शिक्षण) हे शब्द मराठी माध्यमाच्या मुलापुढे ठेवून बघा. मराठीत दीन म्हणजे गरीब बिचारा, आणि तालीम म्हणजे आखाडा किंवा नाटकाचा सराव. उर्दू माध्यमाच्या मुलाला "अदब" हा शब्द शिष्टाचाराइतकाच साहित्याच्या अर्थानं ओळखीचा असतो. एकानं उर्दूतून मराठीत आणावं, दुसऱ्यानं मूळ न बघता मराठीतून पुन्हा उर्दूत न्यावं, आणि दोन्ही उर्दू मसुदे शेजारी ठेवून वाचावेत. जिथे फाटे फुटतात तिथलं विधान बदला.

कागदावर नाव नको. आधीच्या आणि नंतरच्या कागदांची जोडी लावायची असेल, तर मुलानं स्वतः ठरवलेली खूण चालते, उदाहरणार्थ आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि जन्मतारखेचा आकडा. कागद गोळा करायला वर्गशिक्षकानं जाऊ नये. पेटी ठेवा.

पायरी ६: रंगीत तालीम

आठ-दहा मुलांना एकेक करून बसवा आणि प्रत्येक विधान मोठ्यानं वाचून "याचा अर्थ काय समजलास?" एवढंच विचारा. एका दुपारच्या या कामानं जेवढ्या चुका निघतात, तेवढ्या कुठल्याही सूत्रानं निघत नाहीत. त्यानंतर ३०-४० मुलांवर चाचणी घ्या आणि क्रोनबाखचा अल्फा काढा. हे विश्वसनीयतेचं सूत्र १९५१ पासून वापरात आहे आणि संगणकावरच्या साध्या तक्त्यातही निघतं. ०.७ च्या वर असेल तर पुढे जा. विज्ञानाच्या आणि दीनियातच्या विधानांचा अल्फा वेगवेगळा काढा, आणि दोन्हींची बेरीज करून "एकूण अभिवृत्ती" असा आकडा कधीच काढू नका. त्या आकड्याला अर्थ नसतो.

पायरी ७: आधी आणि नंतर

पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी यांच्या तारखा आधी ठरवा. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. दरवर्षी तो साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो. रोजा धरलेल्या मुलाची उत्तरचाचणी दुपारी तीनला घेतली तर तुम्ही त्याची तहान मोजाल.

वाढ मोजताना नुसता फरक फसवतो. एका वर्गाची सरासरी ४० वरून ५८ टक्क्यांवर गेली, दुसऱ्याची ७० वरून ७९ वर. पहिला दुप्पट शिकला असं वाटतं. पण पहिल्याला वाढायला ६० टक्के जागा होती, त्यातले १८ मिळाले. दुसऱ्याला ३० जागा होती, त्यातले ९ मिळाले. दोन्हींचं उत्तर ०.३०. भौतिकशास्त्राचे अध्यापक रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ही रीत मोठ्या प्रमाणावर वापरली. ०.३ च्या खाली कमी, ०.७ च्या वर उत्तम, असं त्यांनी मानलं. हा हिशेब वर्गाच्या सरासरीचा करा, एकेका मुलावर त्याचं लेबल लावू नका. अभिवृत्तीच्या गुणांना तर हे सूत्र अजिबात लावू नका.

पायरी ८: निकाल कुणाला, कसा

मुलांना आधी. सावलीच्या कृतीची पडताळा सूची मुलाच्या हातात द्या, त्यानं कुठे पुन्हा मोजलं त्या ओळीवर बोट ठेवून सांगा. पालकांना तीन वेगळे निकाल द्या, एक टक्केवारी नको. अभिवृत्तीचा निकाल फक्त वर्गाचा सांगा, एका मुलाचा कधीही नाही. मौलानासाहेब आणि विज्ञान शिक्षक यांना एकाच टेबलावर बसवा. आमच्याकडे ते पहिल्यांदा असे बसले तेव्हा समोर चंद्राच्या प्रश्नाचे कागद होते, आणि ४० पैकी २३ मुलांनी "पृथ्वीची सावली" निवडलं होतं. मौलानासाहेबांनी कागद उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, पुढच्या हिजरी २९ तारखेला मगरिबनंतर दोन्ही वर्ग गच्चीवर आणा. चंद्र कुठे शोधायचा ते मी दाखवतो, कोर कशी होते ते तुम्ही सांगा. त्या संध्याकाळी त्या मुलीनं एका हातात चेंडू धरला, दुसऱ्या हातात मोबाइलचा दिवा, आणि चेंडू लहान भावाच्या डोक्याभोवती फिरवत त्याला कोर दाखवली. पडताळा सूचीतली तिची ओळ मी तिथेच उभ्या उभ्या भरली.